चष्म्याचा नंबर आणि अकरावीतला धडा

बारावी विज्ञानाचा निकाल लागला की जयसिंगपुरातही घरोघरी एकच हिशेब सुरू होतो : ‘नीट’मध्ये किती गुण आणि एमबीबीएसला नंबर लागणार का? मिरजेसारखे दवाखान्यांचे शहर हाकेच्या अंतरावर असल्याने वैद्यकीय क्षेत्राची ओढ इथे जुनीच आहे. एमबीबीएस हुकले की मग ऑप्टोमेट्रीची चौकशी होते. पण तोवर उशीर झालेला असतो.

ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे चष्म्याचा दुकानदार नव्हे आणि शस्त्रक्रिया करणारा नेत्रतज्ज्ञही नव्हे. दृष्टी तपासणे, नंबर काढणे, काचबिंदूची किंवा मधुमेहामुळे पडद्यावर झालेल्या बदलांची शंका येताच रुग्णाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे हे त्याचे काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे. त्यांपैकी किमान १०० कोटींचा दोष टाळता आला असता किंवा अजून उपचाराविना आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा योग्य चष्मा न मिळालेल्यांचा.

या पदवीसाठी देशभर एकच प्रवेशपरीक्षा आजवर रुळलेली नाही. कुठे संस्थेची स्वतंत्र परीक्षा, तर कुठे बारावीचे गुण. दिल्लीच्या ‘एम्स’ची परीक्षा उदाहरणादाखल पाहता येईल. ९० मिनिटांत ९० प्रश्न, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित यांचे प्रत्येकी ३०. म्हणजे गणित घेतलेल्यांनाही दार उघडे आहे. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापला जातो. चार पर्यायांत डोळे झाकून ठोकताळा मारला, तर सरासरी हाती शून्यच येते. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तरच धोका पत्करण्यात अर्थ.

तयारीतली खरी गोम मात्र वेगळीच आहे. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात भिंग, आरसा, अपवर्तन हा भाग अकरावीच्या भौतिकशास्त्रात येतो. बारावीत तरंग प्रकाशशास्त्र. बोर्डाची परीक्षा बारावीला, म्हणून अकरावी अनेकदा उरकली जाते आणि नेमका याच व्यवसायाचा पाया कच्चा राहतो. चष्म्याचा नंबर हा मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त असतो. उणे २ नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण अर्ध्या मीटरपलीकडचे धूसर दिसते. हे ज्याला गणित करून सांगता येते, त्याला प्रवेशपरीक्षेतला प्रश्नही सुटतो आणि पुढे रुग्णही समजतो.

दुसरी काळजी मान्यतेची. संसदेने मार्च २०२१मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. ऑप्टोमेट्री त्यात समाविष्ट आहे आणि व्यवसायासाठी नोंदणीची तरतूदही आहे. त्यामुळे काही महिन्यांत ‘डोळ्यांचे डॉक्टर’ बनवण्याच्या जाहिरातींना भुलून पालकांनी पैसे भरणे धोक्याचे. पदवी चार वर्षांची आहे का, त्यात रुग्णालयातले एक वर्षाचे प्रशिक्षण आहे का, विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का, हे तीन प्रश्न शुल्क भरण्याआधी विचारायचे आणि उत्तर लेखी घ्यायचे. त्या वर्षीची माहितीपुस्तिकाही स्वतः वाचायची, कारण नियम बदलतात.

ही विचारपूस बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीच्या पहिल्या सत्रातच झाली, तर प्रकाशशास्त्राचा धडा मागे पडणार नाही.