विश्लेषण : विहीर भरलेली, तरी नळ कोरडा का?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वारा काही तासांत ओसरला, पण अनेक गावांत वीज आणि मोबाइल नेटवर्क परतायला कित्येक दिवस, काही ठिकाणी आठवडे लागले. तंत्रज्ञान वाढले की माणूस स्वावलंबी होतो, असा समज आहे. किनारपट्टीचा अनुभव उलटा का?

वादळात काय घडले?
ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. झाडांबरोबर विजेचे खांब आणि तारा कोसळल्या. उपग्रह आणि रडारमुळे हवामान विभागाचा इशारा आधीच मिळाला होता, त्यामुळे हजारोंना सुरक्षित स्थळी हलवता आले. तंत्रज्ञानाचा हा मोठा फायदा. अडचण सुरू झाली ती वादळानंतर.

पाण्याचा आणि विजेचा संबंध काय?
पूर्वी अष्टागरातील वाड्यांत विहिरीवर रहाट असे. बैल घरचा आणि मोडलेला रहाट दुरुस्त करणारा सुतार गावातलाच. आज त्या जागी पंप आहे. कष्ट वाचले, पण पंप चालण्यासाठी महापारेषणची वाहिनी, उपकेंद्र, महावितरणचे खांब आणि रोहित्र असे सगळे शाबूत लागते. एक दुवा तुटला तरी भरल्या विहिरीचे पाणी टाकीत चढत नाही.

मोबाइल का बंद पडतो?
वीज गेल्यावर टॉवर काही तास बॅटरीवर आणि नंतर डिझेल जनरेटरवर चालतो. रस्त्यात झाडे पडली की डिझेल पोहोचत नाही. ऑप्टिकल फायबर तुटली, तर डिझेल असूनही उपयोग नाही. इथे पेच असा की, टॉवरला वीज हवी आणि वीज दुरुस्त करणाऱ्या पथकांना एकमेकांशी बोलायला टॉवर हवा. मुंबईतल्या चाकरमान्यांना गावची खबर मिळेना, ती यामुळेच.

मग अवलंबित्व वाढले की बदलले?
दोन्ही. पूर्वी शेजाऱ्यावर भिस्त होती. आता ती लाइनमन, फायबर जोडणारा तंत्रज्ञ, डिझेलचा टँकरचालक अशा अनोळखी माणसांवरही आहे. ‘निसर्ग’नंतर तारा जोडायला राज्याच्या इतर भागांतून पथके आली, तीही करोनाच्या काळात. पण त्यांची वाट मोकळी करायला, पडलेली झाडे तोडायला गावकरीच लागले.

उपाय काय?
अलिबागमध्ये राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून भूमिगत वीजवाहिन्यांचे काम हाती घेतले गेले. त्यामुळे झाड पडून तार तुटण्याचा धोका टळतो. मात्र जमिनीखालचा बिघाड शोधायला वेगळी यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे लागतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावाने तीन गोष्टी पाहून ठेवाव्यात : पाणीपुरवठ्याच्या पंपासाठी जनरेटर कुठून येईल, झाडे तोडायची करवत कोणाकडे आहे, आणि फोन बंद असताना वीज उपकेंद्रापर्यंत निरोप कोण नेईल.