कॅबिनेट उभे की आडवे?

संगणक विकत घ्यावयाचा झाला, म्हणजे त्याचा वेग किती, स्मृती किती, मॉनिटर केवढा, याची चौकशी सारेच करतात. ज्या कॅबिनेटात हा सारा संसार मांडलेला असतो, त्याची निवड मात्र नुसत्या रूपावर होते. लोक तर त्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात! वस्तुतः सीपीयू म्हणजे आतील मदरबोर्डवर बसणारी, तळहातात मावणारी चिप. आत काय आहे हेच ठाऊक नसले, तर पेटीची पारख कशी व्हावी?

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, तो आडव्या कॅबिनेटात. जड मॉनिटर त्यावरच ठेवता येई आणि मेजावरील जागा वाचे. १९८७ मध्ये त्याच कंपनीने पीएस/२ मालिकेतील काही मोठी यंत्रे उभ्या रूपात आणली. आता मॉनिटर हलके झाले. त्यांस पेटीचा आधार नको. तरीही बुटके, आडवे कॅबिनेट दिसावयास नीटस आणि लहान मेजावर सोयीचे, हे आम्ही मान्य करतो.

परंतु आपल्या मोहगावचा उन्हाळा आणि धूळ विसरून चालणार नाही. बुटक्या पेटीत पंखे लहान. तेवढीच हवा खेळविण्यास त्यांना अधिक वेगाने फिरावे लागते. उभ्या, ऐसपैस कॅबिनेटात १२० मिलिमीटरचा पंखा बसतो. हवा समोरून येते व तापून मागून निघून जाते.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. वीजदाबाच्या चढउताराचा पहिला तडाखा एसएमपीएसला बसतो. १९९५ मध्ये इंटेलने ठरविलेल्या एटीएक्स मापाचा एसएमपीएस कोणत्याही कंपनीचा असो, त्या मापाच्या उभ्या कॅबिनेटात बसतो. बुटक्या पेटीतील बहुधा निराळ्या मापाचा. तो जळाला, की पांढुर्णा-सौंसर पालथे घालून नागपूर गाठण्याची पाळी यावयाची, आणि तोवर यंत्र मुके!

उभे कॅबिनेट जमिनीवर मात्र ठेवू नये. तेथे ते केर ओढते. वीतभर उंच पाटावर, भिंतीपासून थोडे दूर ठेवावे.

ज्या घरी मेज लहान आणि काम पत्रे-हिशेबांपुरते, त्यांनी आडवे खुशाल घ्यावे. शाळेने मात्र उभेच घ्यावे. आज पाचवीत असलेली मुले दहावीत जातील, तेव्हाही ते चालावयास हवे. शिवाय वीज तोडून बाजूचे झाकण उघडले, की खरा सीपीयू कोठे बसतो, हे त्यांस दाखविता येईल.