सीटी स्कॅनचे रंगीत चित्र किती खरे मानावे?

कामरगावच्या एका वाचकांनी पत्रातून विचारले आहे, "मुलगा मोटारसायकलवरून पडला, तोंडाला मार लागला. सीटी स्कॅन केला. रंगीत थ्रीडी फोटोत डोळ्याखालच्या हाडाला भोक दिसते, पण रिपोर्टमध्ये हाड मोडलेले नाही असे लिहिले आहे. दुसऱ्या गावी पुन्हा स्कॅन करावा काय?"

रुग्णाला तपासल्याशिवाय मी निदान सांगणार नाही. पण केवळ त्या रंगीत फोटोला भिऊन पुन्हा स्कॅन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे समजण्यासाठी असा फोटो तयार कसा होतो ते पाहू.

सीटी स्कॅन म्हणजे क्ष-किरणांच्या मदतीने मिळालेले शरीराचे आडवे काप, काकडीच्या चकत्या एकावर एक रचाव्यात तसे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा असा स्कॅन झाला. एका कापात बहुधा ५१२ गुणिले ५१२ ठिपके असतात. काप ३०० असले, तर ठिपके होतात सुमारे ७ कोटी ८६ लाख! प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे १०००, तर टणक हाडाचा शेकड्यांत किंवा त्याहूनही जास्त. यंत्राकडे असतात ते एवढे आकडेच. रंग त्यात कुठेच नसतो.

या आकड्यांतून हाडाचा पृष्ठभाग काढण्याची 'मार्चिंग क्यूब्ज' नावाची रीत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी १९८७ साली मांडली. लगतच्या दोन कापांतले प्रत्येकी चार, असे आठ ठिपके मिळून एक ठोकळा धरायचा. 'अमुक आकड्याच्या वर ते हाड' अशी मर्यादा ठरवायची. ठोकळ्याचे काही कोपरे मर्यादेच्या वर आणि काही खाली असले, तर हाडाची हद्द त्यातूनच जाते. अशा मांडण्या २५६ होतात. सारख्या एकत्र केल्या की मूळ प्रकार १५ उरतात. त्यानुसार संगणक छोटे त्रिकोण जोडत जातो आणि कवटी उभी राहते.

बहुतेक ठोकळ्यांतून हद्द जातच नाही. म्हणून पुढे ठोकळ्यांचे गट करून प्रत्येक गटातला सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा टिपून ठेवण्याची युक्ती निघाली. मर्यादा त्या दोहोंच्या मध्ये नसेल, तर अख्खा गट सोडून द्यायचा. धुरा आखायला कोणी सारे वावर तुडवत नाही, तसेच हे. वेळ फार वाचतो.

पण खरी मेख मर्यादेच्या आकड्यात आहे. चाळणीची भोके मोठी असली, तर बारीक दाणा खाली पडतो. डोळ्याखालचे हाड कागदासारखे पातळ असते. एकाच ठिपक्यात हाड आणि शेजारचा मऊ भाग मिसळला, की सरासरी आकडा मर्यादेखाली जातो आणि अखंड हाडाच्या जागी चित्रात भोक दिसते. उलट, केसाएवढी बारीक चीर चित्रात बुजूनही जाते. आज अनेक यंत्रे हद्द न आखता ठिपक्यांना रंग व पारदर्शकता देऊन चित्र काढतात. तिथेही मर्यादा माणूसच ठरवतो.

थ्रीडी चित्र निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. चेहऱ्याची किंवा कमरेची हाडे अनेक ठिकाणी मोडली असता शस्त्रक्रियेची आखणी करायला सर्जनला ते फार कामी येते. मात्र निदान करताना मूळ काळे-पांढरे कापच पाहावे लागतात.

म्हणून वाचकांनी एवढे करावे. फक्त रंगीत फोटो घेऊन घरी येऊ नये. सर्व कापांची सीडी आणि रिपोर्ट मागून घ्यावा व जपून ठेवावा. शंका आली तर तीच सीडी दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवावी. थ्रीडी चित्र नंतर हवे झाले, तरी काप पुरेसे पातळ घेतलेले असल्यास ते त्याच आकड्यांतून काढता येते. साध्या एक्स-रेपेक्षा सीटीमध्ये किरणांची मात्रा कितीतरी पट जास्त असते. डॉक्टरांना गरज वाटली तर स्कॅन जरूर करावा, पण लेकरांच्या अंगावर विनाकारण दुसऱ्यांदा किरणे घेऊ नयेत आणि पैसाही घालवू नये.