लहान दुकानातील नोकराला कायदा नको काय?

हार्डवेअरच्या दुकानातील नोकराला पगार तुटपुंजा मिळतो. विद्या मात्र मोलाची मिळते. कोणत्या पाइपला कोणता जोड, ओल धरणाऱ्या भिंतीला कोणता रंग, हे तो गिऱ्हाइकाला अचूक सांगतो. या विद्येच्या बळावर एखादा पुढे स्वतःचे दुकानही थाटतो. परंतु ५० किलोची सिमेंटची गोणी वाहण्यातच बहुतेकांची उमेद सरते. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने लहान दुकानातील नोकरालाही कामाचे ठरावीक तास व साप्ताहिक सुटी दिली होती. २०१७ च्या महाराष्ट्र कायद्याने १० पेक्षा कमी कामगारांची दुकाने या संरक्षणातून वगळली. व्यवसायसुलभतेच्या नावाखाली झालेला हा उघड अन्याय होय. नोकर एकटा असला म्हणून त्याच्या पाठीवरचे ओझे हलके होत नाही. ही सूट रद्द करण्याची मागणी कार्यकर्त्यांनी हाती घेतलीच पाहिजे.