गाडी लागली, की वायू बाधला?

घाट चढताना मागच्या आसनावरील मुलाचे डोके दुखू लागते, त्याला मळमळते आणि अखेर ओकारी होते. आई आवळासुपारी पुढे करते, वडील मोटार कडेला घेतात आणि ‘याला गाडी लागते’ असा निकाल कुटुंबात कायमचा लागतो. पुष्कळदा तो निकाल बरोबरही असतो. परंतु तेच मूल एस.टी.तून त्याच घाटाने गेले असता ठणठणीत राहते आणि घरच्या जुन्या मोटारीत मात्र त्याच्याबरोबर वडीलधाऱ्यांचीही डोकी जड होतात, तेव्हा दोष मुलाच्या पोटाचा नसून मोटारीच्या पोटाचा असण्याचा संभव आहे. आमच्या सुशिक्षित वर्गात ही शंका जवळजवळ कोणालाच येत नाही, म्हणूनच हा विषय आज येथे घेत आहोत.

पेट्रोलच्या अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. धुराचा जो उग्र दर्प येतो तो त्याच्या सोबत्यांचा. आरशाला सुगंधी कुपी टांगून तो दर्प झाकणारे गृहस्थ आपला एकमेव पहारेकरीच झोपवीत असतात. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते; त्यामुळे श्वास चालू असूनही मेंदू व हृदय उपाशी राहतात. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर यावयास चार-पाच तास लागतात. करोनाच्या साथीनंतर घरोघरी बोटाला लावावयाची ऑक्सिमीटर यंत्रे आली. त्यांच्यावर येथे विसंबू नये. वायूने बांधलेले रक्त आणि प्राणवायूने भरलेले रक्त यांतील भेद त्या यंत्राला कळत नाही. माणूस बेशुद्धीकडे सरकत असताही ते समाधानकारक आकडा दाखवू शकते.

हा वायू आत येतो कोठून? इंजिनाच्या मॅनिफोल्डचे गॅसकिट उडालेले असते, सायलेन्सरच्या नळीला गंजाने भोक पडलेले असते, तळाचा पत्रा पायपुसण्याखाली कुजलेला असतो आणि डिकीचे रबर वाळून तडकलेले असते. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत हा गंज काही फार वर्षे वाट पाहत नाही. धावत्या मोटारीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धवट उघडी ठेवून दोरीने बांधली की मागचा धूर आत ओढला जातो. पुढच्या आसनाखालीच इंजिन असलेल्या लहान व्हॅनमध्ये तर इंजिन आणि माणसे यांच्यामध्ये एक झाकण व त्याचे रबर एवढाच आडपडदा असतो. आणि अशा व्हॅनमधून आपण मुलांना शाळेत धाडतो.

भारतात उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, १९९५ साली प्रथम चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचा झाला. तो वायूचे रूपांतर निरुपद्रवी वायूत करतो खरा. पण गळती त्याच्या आधीच्या सांध्यात असेल, तर कच्चा धूरच बाहेर पडतो. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या व त्यांच्या निरोपाचे हळवे सोहळे झाले. तथापि वीस वर्षांची ती मर्यादा टॅक्सीला होती. महाराष्ट्रात खाजगी मोटारीस पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते.

आता पीयूसी प्रमाणपत्राचे पाहा. जुन्या, भारत टप्पा दोनच्या पूर्वीच्या पेट्रोल मोटारीच्या धुरात तीन टक्के कार्बन मोनॉक्साइड असला तरी ती उत्तीर्ण होते. तीन टक्के म्हणजे दशलक्ष भागांत तीस हजार. अशा धुराचा अवघा तीनशेवा हिस्सा जरी आतील हवेत मिसळला, तरी तेथील प्रमाण दशलक्षात शंभर होते, म्हणजे घनमीटरला सुमारे ११५ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली घरातील हवेसाठी घातलेली पंधरा मिनिटांची मर्यादा १०० मिलिग्रॅमची आहे आणि एका तासाची ३५ ची. घाट पंधरा मिनिटांत संपत नाही! शिवाय पीयूसीची नळी शेपटाला लागते. मधल्या भोकाचा तिला पत्ता नसतो. रस्त्यावरील परक्या नागरिकाच्या फुप्फुसांची काळजी वाहणारे हे प्रमाणपत्र मोटारीत बसलेल्यांविषयी चकार शब्द काढत नाही, आणि तरीही काचेमागे ते ठेवून आपण निश्चिंत होतो.

आमची मागणी मोठी नाही. पंधरा वर्षांच्या मोटारीचे नूतनीकरण करताना प्रादेशिक परिवहन कार्यालयाने काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून, आतल्या हवेतील हा वायू मोजावा. त्यासाठी लागणारे उपकरण हातात मावते. शाळेच्या व्हॅनसाठी ही तपासणी दरवर्षी, जून उजाडण्यापूर्वी व्हावी. याने गरीब व्हॅनचालक भरडला जाईल, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. पण गॅसकिट आणि डिकीचे रबर यांचा खर्च नव्या मोटारीच्या खर्चापुढे काहीच नव्हे. सरसकट जुन्या मोटारी भंगारात काढण्याच्या धोरणापेक्षा ही दुरुस्तीच त्याला अधिक परवडेल.

एका वर्गाची आठवण येथे करून देणे अवश्य वाटते. साहेबांची बैठक संपेपर्यंत तळघरातील वाहनतळावर, काचा लावून व एसी सुरू ठेवून डुलकी घेणारा चालक रोज या धोक्याच्या सर्वांत जवळ असतो. उभ्या मोटारीचा धूर वाऱ्याअभावी तिच्याच भोवती साचतो व जुन्या शरीरातील फटींतून आत शिरतो. आणि झोपलेल्या माणसाला डोकेदुखीची सूचनाही मिळत नाही. ज्या इमारतीत हजारो चौरस फुटांची कार्यालये निघतात, तेथे चालकांसाठी पंखा असलेली एक खोली व चार बाके ठेवण्याची अट महापालिकेने बांधकामाच्या परवान्यात घालावी. तोवर निदान मालकांनी बंद इंजिनाचा आणि उघड्या काचेचा दंडक घालून द्यावा, आणि चालकाला बसावयास वर बोलवावे.