शुक्र अल्लाहचा, कंपनीचा नव्हे

"नोकरी आहे ना? मग शुक्र कर." आपल्या घरांत, मोहल्ल्यात, लग्नाच्या जेवणावळीत नोकरी बदलायचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. बोलणारा माणूस वाईट नसतो. बहुतेक वेळा तो आपलाच मामू किंवा खालू असतो आणि त्याने स्वतः कुणाकडे तरी वीस वर्षं मुकाट्याने काम केलेलं असतं. तरीही मी या वाक्याच्या विरोधात लिहितो आहे. कारण माझ्या ओळखीची कितीतरी मुस्लिम मुलं-मुली पगारवाढ नसलेल्या नोकरीत तीन-तीन, चार-चार वर्षं बसून आहेत. त्यांना काम उत्तम येतं. पण बाहेर पडायचा आपल्याला हक्क आहे, असंच त्यांना वाटत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय चौतीस. शिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजात, नोकरी पुण्यात. माझ्या आधीच्या कंपनीत सलग दोन वर्षं पगारवाढ शून्य होती. पहिल्या वर्षी सांगितलं, बजेट नाही. दुसऱ्या वर्षी सांगितलं, मार्केट वाईट आहे. त्याच काळात माझ्याइतक्याच अनुभवाचा एक जण माझ्यापेक्षा जास्त पगारावर टीममध्ये आला आणि त्याला काम समजावून द्यायची जबाबदारी माझ्यावर आली. म्हणजे पैसे होते. नव्या भरतीसाठी होते, आहे त्या माणसासाठी नव्हते. तिसऱ्या वर्षाची वाट न पाहता मी दुसरी नोकरी शोधली आणि राजीनामा दिला. त्या वेळी घरात जे बोलणं झालं ते आज ना उद्या तुमच्याही घरात होणार आहे. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा: "वाढला नाही, पण कमी तर झाला नाही ना पगार?" झाला. सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ साली १०० धरला होता, तो २०२४ च्या अखेरीस १९५ च्या आसपास पोचला. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्टसुद्धा महागाई ४ टक्क्यांवर ठेवायचं आहे, शून्यावर नाही. आपण ५ टक्के धरू. आज हातात ६०,००० रुपये येत असतील आणि तीन वर्षं त्यात वाढ झाली नाही, तर त्या पैशांत तीन वर्षांनी आजच्या साधारण ५१,८०० रुपयांइतकाच बाजार होतो. कंपनीने महिन्याला आठ हजार कापले. फक्त पगाराच्या स्लिपवर ते दिसत नाहीत, घरभाड्यात, शाळेच्या फीमध्ये आणि अम्मीच्या औषधांत दिसतात.

नुकसान तिथेच थांबत नाही. आपल्याकडे मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत विचारतात, "करंट सीटीसी किती?" नवा पगार जुन्या पगारावर टक्केवारी लावून ठरतो. म्हणजे तुम्ही फुकट घालवलेली दोन वर्षं पुढच्या कंपनीतही तुमच्या मागे येतात, आणि तिथून त्याच्या पुढच्या कंपनीत.

दुसरा मुद्दा सगळ्यात जड आहे, आणि तो दबक्या आवाजात येतो: "आपल्या नावाला दुसरीकडे कोण घेणार?" ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे, फक्त नाव वेगळं असलेले अर्ज पाठवले होते. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. त्यात मुस्लिम नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या साधारण एक तृतीयांश निघाली. दलित नावाला दोन तृतीयांश. २०२२ मध्ये लेडबाय फाउंडेशनने मुलींच्या बाबतीत हेच पाहिलं. एकाच बायोडेटावर दोन काल्पनिक नावं घालून प्रत्येकी हजार अर्ज केले. प्रियंका शर्माला २०८ ठिकाणांहून प्रतिसाद आला, हबीबा अलीला १०३ ठिकाणांहून.

आता याचा अर्थ काय लावायचा? मामू म्हणतात, म्हणून बसून राहा. मी म्हणतो, म्हणून दुप्पट अर्ज करा, आणि नोकरी हातात असतानाच करा. दुसऱ्याला दहा अर्जांत जे मिळतं त्यासाठी तुम्हाला वीस किंवा तीस लागतील. हा अन्याय आहे, आणि त्यावर उपाय मागायलाच हवा. २००६ च्या सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली होती. तो आयोग आजही नाही. खासगी कंपनीने धर्म पाहून नोकरी नाकारली तर दाद मागायला वेगळा असा कायदा नाही. ती मागणी आपण नागरिक म्हणून रेटत राहू. पण तोवर तुम्ही जागेवर बसून राहिलात तर भेदभाव करणाऱ्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते तुमचंच, कारण आज ज्याच्याकडे तुम्ही काम करता त्यालाही कळून चुकतं की हा कुठे जात नाही. पगार वाढतो तो जाऊ शकणाऱ्याचा. दुसऱ्याने दार लावलं हे खरं, पण त्यापायी स्वतःच स्वतःचा भाव का पाडायचा?

घराचंही तेच. दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली तरी आपल्या नावाने भाड्याचं घर मिळायला वेळ लागतो, कधी ऑफिसपासून लांब घ्यावं लागतं. मग हा खर्च आधीच हिशेबात धरा. होकार देण्यापूर्वी स्थलांतराचा खर्च आणि पहिल्या महिन्याची राहण्याची सोय मागून घ्या. मागितल्याने ऑफर जात नाही.

तिसरा मुद्दा सब्र आणि तवक्कुलचा. रोजी देणारा अल्लाह आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर एका मॅनेजरला रोजीचा मालक समजू नये. शुक्र अल्लाहचा करायचा आणि वार्षिक वाढीचा हिशेब कंपनीकडे मागायचा, यात विरोध कुठे आला? उंट आधी बांधायची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणीच ऐकली आहे. माझ्या नात्यात यंत्रमाग चालवणारे आहेत. मजुरीचा दर पटला नाही तर ते दुसऱ्या कारखान्यात जातात आणि त्यांना कुणी नाशुक्र म्हणत नाही. मग इंजिनिअर झालेल्या पोरालाच हा उपदेश का?

आणि पोरीला तर दुप्पट. "घराजवळ आहे, वेळेवर परत येतेस, तुला कुठे घर चालवायचंय?" असं म्हणून तिचा पगार गोठवायला आपण घरातूनच संमती देतो. तिच्या पगारावर भावाची फी भरली जाते तेव्हा मात्र ती घर चालवत असते. जवळचं ऑफिस ही सोय आहे, पण त्या सोयीची किंमत वर्षाला किती पडते, ते तिला कागदावर मांडू द्या. निर्णय तिचा राहू द्या.

चौथा मुद्दा: "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये." मान्य. म्हणूनच लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. रागाच्या भरात दिलेला राजीनामा कंपनीच्या फायद्याचा असतो. पण "हातचं" म्हणजे नेमकं किती, तेही मोजा. लोक ग्रॅच्युइटीसाठी थांबतात. कायम नोकरीत पाच वर्षं झाल्यावर प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो, तोही कायद्यात ठरलेल्या वेतनावर. ते वेतन ३०,००० असेल, तर पाच वर्षांचे साधारण ८६,५०० रुपये. चार वर्षं झाली आहेत, एक बाकी आहे, आणि बाहेर ६०,००० वर २० टक्के वाढ मिळते आहे असं समजा. तर थांबण्याची किंमत १,४४,००० रुपये आहे. दोन-तीन महिनेच उरले असतील तर मात्र जरूर थांबा. पीएफ तर बुडतच नाही. यूएएन तोच राहतो, जुनी रक्कम नव्या खात्यात वळती करायची. फक्त मध्येच काढून खाऊ नका.

करारपत्र काढून वाचा. स्पर्धक कंपनीत जायचं नाही, ही राजीनाम्यानंतरची अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण ठराविक वर्षं नोकरी करायच्या बाँडची रक्कम टिकू शकते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेचा दोन लाखांचा असा बाँड वैध ठरवला. नव्वद दिवसांचा नोटीस काळ असेल तर तो नव्या कंपनीला पहिल्याच फोनवर सांगा.

काही वेळा थांबणंच शहाणपणाचं असतं, हेही सांगतो. आईवडिलांचा इलाज कंपनीच्या विम्यावर चालू असेल, तर आधी त्यांच्यासाठी वेगळी पॉलिसी होते का ते पाहा. मूल होणार असेल तर लक्षात ठेवा, प्रसूती रजेच्या हक्कासाठी आधीच्या बारा महिन्यांत त्याच कंपनीत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. पगार अडला आहे पण हातून असं काम होतं आहे ज्याला बाहेर वर्षभरात मोठी मागणी येईल, तर त्या कामासाठी एक वर्ष द्या. पण ते वर्ष संपण्याची तारीख आजच लिहून ठेवा. तारीख नसलेल्या थांबण्याला मी सब्र म्हणणार नाही. ती भीती आहे.

शेवटचं सांगायचं आहे ते आपल्या संस्थांना आणि आपल्यालाच. दर उन्हाळ्यात आपण करिअर मार्गदर्शनाची शिबिरं घेतो. परीक्षा कोणती द्यायची, बायोडेटा कसा लिहायचा, मुलाखतीला कसं बसायचं, सगळं शिकवतो. नोकरी लागली की मुलाच्या गळ्यात हार घालतो आणि आपलं काम संपतं. पगार कसा मागायचा आणि नोकरी कधी सोडायची, यावर एकही तास नसतो. पुढच्या शिबिरात तो तास ठेवा. त्या तासाला नोकरी करणाऱ्या पाच-सात जणांनी उभं राहून आपला अनुभव आणि आपला पगार, दोन्ही सांगावेत. पगार लपवायची सवय मालकाच्या सोयीची आहे. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला किती मिळतात हे मला कळलं नसतं, तर मीही अजून "मार्केट वाईट आहे" ऐकत बसलो असतो.

माझा पगार विचारलात तर मी सांगेन. तुम्हीही तुमच्या धाकट्या भावा-बहिणींना सांगा.