वाटेकरी

परवा बालमित्राने आम्हांस हुबळीतील एका इटालियन उपाहारगृहात नेले. तेथे पदार्थ मध्ये मांडून सर्वांनी वाटून घ्यावयाचे असतात. आम्ही बिचकलो; उष्ट्याखरकट्याचे संस्कार जुने! मित्र हसला, "अरे, 1987 साली कर्नाटक कॉलेजात होतो तेव्हा चहा 'वन बाय टू'च घेत होतो ना? गिरमिटही एकच, दोघांत!"

खरेच. धारवाडात तेव्हा पैसे नव्हते, म्हणून वाटून खात असू. आज पैसे आहेत. पण वहिनी गेल्यापासून मित्राला घरी वाटेकरीच उरलेला नाही. पिझ्झ्याचा शेवटचा तुकडा मोडून त्याने अर्धा आमच्या ताटलीत ठेवला. पोट भरले होते, तरी आम्ही तो खाल्ला. निघताना सांगितले, "रविवारी भाकरी आमच्याकडे."